कोंडवाड्यापासून बंद गाडीपर्यंत

उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कुणाचे कुत्रे तडफडत असेल आणि रस्त्याने जाणाऱ्या एखाद्याने काच फोडून त्याला बाहेर काढले, तर कायदा त्या माणसाकडे कसा पाहील? हा प्रश्न आपल्याकडे काढला की तो अमेरिकेतला, फार तर मुंबई-पुण्यातला म्हणून बाजूला सारला जातो. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावाचा त्याच्याशी काय संबंध, असेही कुणी विचारील. संबंध आहे आणि तो जुना आहे. वऱ्हाडाच्या या पट्ट्यात जनावराला उन्हापासून जपण्याची रीत मोटारी येण्याच्या कितीतरी आधीची आहे. कोंडलेल्या जनावराला परस्पर सोडवणाऱ्याचे काय करायचे, हा प्रश्नही आपल्या कायद्यासमोर दीडशे वर्षांपूर्वी आला होता आणि त्याने तेव्हा दिलेले उत्तर सोडवणाऱ्याच्या विरोधात गेले. पुढच्या काळात मालकावर बंधने घालण्यात कायदा हळूहळू पुढे सरकला, पण मदतीला धावणाऱ्या तिऱ्हाइताला त्याने अजून उघडपणे आपले म्हटलेले नाही. बंद गाडीतल्या उन्हाच्या बाबतीत जनावर वाचवू शकतो तो तिऱ्हाईतच, कारण मालक तिथे नसतो. या इतिहासातली उणीव ती हीच, असे माझे म्हणणे आहे.

रीतीपासून सुरुवात करू. इंझोरी ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात पोहरादेवी आहे, संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान आणि बंजारा समाजाचे सर्वांत मोठे तीर्थ. रेल्वे येण्याआधी दख्खन आणि उत्तर हिंदुस्थानातली धान्य-मिठाची ने-आण या समाजाच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून केली. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे निघाला असता त्याला हजारो बैलांचा एक तांडा भेटला. त्याने जे टिपून ठेवले त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे: तांडा दिवसाला सहा-सात मैलांपलीकडे चालत नसे, तेही ऊन नसताना, आणि मुक्कामी ओझी उतरली की बैल चरायला मोकळे सुटत. इतक्या संथ चालीने धान्य पोचवणे व्यापाऱ्याला सोयीचे नव्हते, पण बैल हेच भांडवल असलेल्या माणसाला दुपारच्या उन्हाचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. १८६७ साली रेल्वे भुसावळहून अकोल्यामार्गे नागपूरला पोचली, पुढे मूर्तिजापूर-कारंजा-यवतमाळ ही अरुंद रुळांची शकुंतला सुरू झाली, आणि लांबच्या वाहतुकीतून बैल सुटला. गावच्या कामातून तो सुटला नाही. उन्हाळ्यातली वखरणी भल्या पहाटे उरकायची आणि ऊन चढायच्या आत बैल झाडाखाली आणायचे, लांबचा प्रवास असेल तर बंडी रात्री जुंपायची आणि कंदील टांगून निघायचे, ही वऱ्हाडातली सवय होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला तूप किंवा लोणी आणि हळद चोळायची, गरम पाण्याने तो शेकायचा. आपल्या कामाने या खांद्याला इजा झाली आहे, हे मान्य करूनच तो हात फिरतो.

या रीतीला भाबडेपणाने पाहू नये. मार, अतिओझे, तुतारीची आर, सगळे याच गावांत होते आणि आहे. रीतीचा दुसरा दोष अधिक महत्त्वाचा. ती पूर्णपणे मालकाच्या समजुतीवर उभी होती. ज्याचा बैल त्याचे बंधन. शेजाऱ्याने दुसऱ्याचा बैल भर दुपारी जुंपलेला पाहिला तर त्याने बोलावे, फार तर चार माणसांत कानउघाडणी करावी. जू उतरवण्याचा अधिकार त्याला नव्हता. या चौकटीबाहेरचे उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडते, आणि ते सापडते राज्यकर्त्यांकडे. अशोकाने सातव्या स्तंभलेखात सांगितले आहे की रस्त्यांच्या कडेने वड लावले ते माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून, आणि पाणी पिण्याची ठिकाणे केली तीही दोघांसाठी. अहिल्याबाई होळकरांबद्दल जॉन माल्कम याने १८२३ साली छापलेल्या आपल्या माळव्यावरील ग्रंथात याहून नेमकी हकीकत दिली आहे. महेश्वरच्या आसपास शेतकऱ्यांचे नांगराला जुंपलेले बैल अहिल्याबाईंचे नोकर मध्येच थांबवीत आणि त्यांना पाणी पाजीत. ही हकीकत दानधर्माच्या यादीत टाकून आपण पुढे जातो, पण तिच्यात एक तत्त्व आहे. बैल दुसऱ्याचा, शेत दुसऱ्याचे, काम चालू, आणि तरीही ज्याचा त्या बैलावर काडीचा हक्क नाही असा माणूस येतो, औत थांबवतो आणि तहान भागवून निघून जातो. त्याला कुणी अडवीत नाही, कारण त्याच्या पाठीशी सत्ता आहे. तिऱ्हाइताला असे पाठबळ देणारी व्यवस्था त्यानंतर आपल्याकडे नियम म्हणून रुजली नाही.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, आणि इथल्या गावांना कायद्याने उभा राहिलेला कोंडवाडा ठाऊक झाला. १८७१ चा गुरे-अतिक्रमण कायदा वाचण्यासारखा आहे. दहाव्या कलमाने शेतकऱ्याला अधिकार दिला की पिकात शिरलेले दुसऱ्याचे जनावर त्याने स्वतः धरावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे. म्हणजे दुसऱ्याच्या जनावराला हात लावायचा नाही हा नियम कायद्याने मोडला, पण मोडला तो पिकासाठी. कोंडवाडा म्हणजे चार भिंती, एक फाटक, बहुतेक ठिकाणी डोक्यावर छप्पर नाही. मालक दंड भरून सोडवून नेईपर्यंत जनावर आत. चारापाणी देण्याचे काम राखणदाराचे, आणि ते त्याने केले नाही तर सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे पन्नास रुपयांपर्यंत दंड. आता चोविसावे कलम पाहा. कोंडवाड्यातून किंवा तिकडे नेताना जनावर सोडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम दांडगाईने आपले जनावर पळवून नेणाऱ्या मालकासाठी केलेले होते, हे उघड आहे, आणि त्या हेतूला माझी हरकत नाही. पण पाण्यावाचून ठेवणाऱ्याला पन्नास आणि बाहेर काढणाऱ्याला पाचशे, हे प्रमाण एकदा डोळ्यांसमोर ठेवावे.

हे प्रमाण त्या काळाची मर्यादा होती, म्हणून सोडून देता आले असते. तसे ते नाही, कारण ज्या देशातून हा कायदा आला तिथे याच प्रश्नाचे वेगळे उत्तर आधीच दिले गेले होते. इंग्लंडमध्ये १८४९ च्या प्राणिक्रूरता कायद्यात स्पष्ट तरतूद होती: कोंडवाड्यातले जनावर सलग बारा तासांहून अधिक काळ पुरेशा चाऱ्यापाण्यावाचून राहिले, तर कोणत्याही माणसाने आत शिरून त्याला चारापाणी द्यावे, आणि आत शिरल्याबद्दल त्याच्यावर अतिक्रमणाचा दावा चालणार नाही. १९११ च्या कायद्याने ही मुदत सहा तासांवर आणली. आज अमेरिकेतल्या गाडीची काच फोडण्याच्या कायद्यांना नवे म्हटले जाते, पण त्यांचा सांगाडा इथे पूर्ण तयार आहे. कोंडलेले जनावर, गैरहजर जबाबदार माणूस, ठराविक धोका, कुणीही तिऱ्हाईत, आणि त्याला दाव्यापासून अभय. बावीस वर्षांनी हिंदुस्थानसाठी कायदा लिहिताना कोंडवाडा आणला, दंड आणला, राखणदार आणला, आणि हे एक कलम आणले नाही. का आणले नाही, याचे कारण मला त्या कायद्याच्या रोखात दिसते. तो महसूल देणाऱ्या पिकाच्या रक्षणासाठी होता. जनावर त्यात नुकसान करणारी वस्तू म्हणून आले.

जनावराच्या वेदनेसाठी कायदे झाले ते वेगळ्या वाटेने, शहरांतून. कलकत्त्यात १८६१ साली आणि मुंबईत १८७४ साली प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था निघाल्या, परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८९० साली साऱ्या देशासाठी क्रूरताविरोधी कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणले, आणि त्या खटपटीतून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला. त्याखाली १९६५ साली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम निघाले. त्यांतला सहावा नियम वऱ्हाडातल्या प्रत्येक चावडीवर लावण्याजोगा आहे: दिवसाला एकूण नऊ तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात जुंपणे नाही. इंझोरीच्या परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या खाली क्वचितच राहतो, म्हणजे हा नियम इथे जवळजवळ दोन महिने रोज लागू असतो. तांड्याला जे ठाऊक होते ते इथे आकड्यांत आले. उन्हाची इजा ही मारासारखीच इजा आहे, हे भारतीय कायद्याने १९६५ सालीच कबूल केले आहे. कुत्र्याच्या निमित्ताने ते नव्याने पटवून देण्याची गरज नाही.

गरज आहे ती पुढच्या पायरीची. १९६० च्या कायद्याचे अकरावे कलम चांगले विस्तृत आहे. वाहनातून जनावराला यातना होतील अशा रीतीने नेणे, अपुऱ्या जागेत कोंडणे, मालकाने अन्न, पाणी, निवारा न देणे, हे सारे गुन्हे त्यात आहेत. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १८७१ साली कोंडवाड्याच्या राखणदाराला जो कमाल दंड होता तोच १९६० साली मालकाला, आणि तो आजही कायम आहे. त्याहून अडचणीचे एकतिसावे कलम. त्यानुसार क्रूरपणे ठार मारणे किंवा अवयव तोडणे, जनावरांच्या झुंजी, नेमबाजीसाठी जनावरे सोडणे आणि दूध वाढवण्यासाठी केला जाणारा फुक्याचा क्रूर प्रकार एवढेच गुन्हे दखलपात्र आहेत. कोंडणे आणि पाण्यावाचून ठेवणे अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलिसाने तपासही करायचा नाही. जनावर हालहाल होऊन मेले तर पोलीस स्वतःहून पुढे येऊ शकतील, पण ते जिवंत असताना आणि वाचण्यासारखे असताना त्यांचे हात बांधलेले. चौतिसाव्या कलमात जनावर ताब्यात घेण्याची सोय आहे, ती मात्र शिपायाहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीला. गावात त्या घटकेला असतो कोण? पोलीस पाटील, फार तर बीटवरचा शिपाई.

आणि बंद गाडीत घटका मोजक्याच असतात. २००५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या गाडीत मापे घेऊन छापलेला अभ्यास आजही प्रमाण मानला जातो. तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंशांनी वाढते, त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते, आणि काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. बाहेर २२ अंशांची सुखद हवा असतानाही आत ४७ अंश भरले. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, पंज्यांच्या तळव्यांना येतो तेवढाच. त्याचे शरीर निवते ते धापेने, जिभेवरची ओल उडून जाण्याने. बंद गाडीत त्याच्याच श्वासाने हवा दमट होते, ओल उडत नाही, आणि धाप लागूनही अंग तापतच राहते. लाळ घट्ट होते, हिरड्या लालभडक होतात, तोल जातो, मग उलटी, मग ते आडवे होते. अंगाचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले की आतडी, मूत्रपिंडे, मेंदू यांना इजा होऊ लागते. बैलाला झाडाखाली आणायला मालकाला तासाभराचा अवधी मिळायचा. इथे मालक बाजारात किंवा लग्नाच्या मांडवात, आणि अवधी अर्ध्या तासाचाही नाही.

मग काच फोडणाऱ्याचे काय? वकील सांगतील की कायद्यात सोय आहे. भारतीय न्याय संहितेचे एकोणिसावे कलम, म्हणजे जुन्या दंड संहितेचे एक्याऐंशीवे: मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूवाचून आणि सद्भावनेने लहान हानी केली तर तो गुन्हा नाही. जुन्या संहितेने दिलेले उदाहरण गावोगाव समजण्याजोगे आहे. आगीचा डोंब पसरू नये म्हणून मधली घरे पाडणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही. हे तत्त्व मला मान्य आहे, आणि एखादे न्यायालय ते काच फोडणाऱ्याला लावील अशी माझी समजूत आहे. पण ही सोय बचावाची आहे. आधी तक्रार, मग चौकीच्या फेऱ्या, मग खटला, आणि त्यात आपल्या सद्भावनेची हकीकत आपणच मांडायची. शिवाय त्या कलमाला टाळायची हानी लागते ती व्यक्तीची किंवा मालमत्तेची. कुत्रा कायद्याने व्यक्ती नाही, म्हणून सोडवणाऱ्याला म्हणावे लागणार की मी या गृहस्थाची काच फोडली ती याच गृहस्थाची मालमत्ता वाचवण्यासाठी. आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा उरतोच. माणसांच्या बाबतीत हीच अडचण आपण ओळखली. रस्त्यावरच्या जखमीला दवाखान्यात नेणारे पोलिसांच्या ससेमिऱ्याला भितात हे दिसल्यावर २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचनांना बळ दिले आणि २०१९ साली संसदेने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम घालून मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी दोन्ही जबाबदारीतून मुक्त केले. सद्भावनेचे सर्वसाधारण कलम तेव्हाही पुस्तकात होतेच. ते पुरेसे असते तर १३४-अ ची गरज पडली नसती.

सर्वांत गंभीर आक्षेप याच्या पुढचा आहे आणि तो महाराष्ट्रात तर टाळताच येत नाही. जनावर वाचवण्याच्या नावाने वाहने अडवणे, चालकांना मारहाण करणे, गुरे परस्पर उतरवून घेणे, हे आपण पाहिलेले आहे. २०१८ साली तेहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला झुंडींविरुद्ध राज्यांना सूचना द्याव्या लागल्या. गुरांचा व्यापार करणाऱ्या, शेळ्या-मेंढ्या घेऊन बाजाराला निघालेल्या गरीब माणसावर याचा किती धाक बसला आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो ‘सोडवणाऱ्याला अभय’ हे शब्द ऐकून दचकला तर त्याचे चुकत नाही. या भीतीमुळे कलमच नको म्हणावे, की कलम अरुंद करावे? मी दुसरे म्हणतो, आणि त्यासाठी कॅलिफोर्नियाचा नमुना उपयोगी आहे. तिथे २०१७ च्या आरंभापासून लागू असलेला कायदा अभय देतो, पण अटींवर. गाडी बंद हवी आणि दुसरा मार्ग नसावा, जनावराला तत्काळ धोका आहे असे मानायला सबळ कारण हवे, काच फोडण्याआधी पोलिसांना किंवा संबंधित यंत्रणेला कळवलेले हवे, गरजेपुरतेच बळ वापरलेले हवे, आणि सोडवणाऱ्याने तिथेच थांबून जनावर अधिकाऱ्याच्या हवाली करायला हवे. आपल्याकडे यात आणखी दोन अटी घालाव्यात. वाहन उभे आणि माणसावाचून असले तरच हे अभय मिळावे, आणि जनावर मालकाकडून काढून घेण्याचा, चालकाची झडती किंवा जाब घेण्याचा कोणताही अधिकार त्यातून निर्माण होऊ नये. चालती गाडी अडवणारी झुंड या अटींत बसतच नाही. जिथे चालक हजर आहे तिथे सोडवायला कुणी धावण्याची गरज नाही, त्याला सावलीत गाडी लाव म्हणून सांगता येते.

राहिला आक्षेप खेड्याचा: इंझोरीत किती जणांकडे मोटार आणि कितीजण कुत्रे घेऊन फिरतात? पण कलम कुत्र्यापुरते लिहायचे कशाला? बाजाराच्या दिवशी ताडपत्री ओढलेल्या टेम्पोत शेळ्या भरलेल्या असतात आणि चालक जेवायला गेलेला असतो, कोंबड्यांचे पिंजरे उन्हात उभे असतात, वासरू छोट्या मालवाहू गाडीत बांधलेले असते. १९७८ च्या जनावर-वाहतूक नियमांनी मालमोटारीत गुरे किती भरायची, सोबत माणूस आणि पाणी कसे ठेवायचे हे ठरवले आहे. तेही पुन्हा मालकाला आणि वाहतूकदाराला उद्देशून. कोंडवाड्यात शिरून चारापाणी देणाऱ्याला १८४९ च्या इंग्लंडात अभय होते, टेम्पोची ताडपत्री सोडून आत बादलीभर पाणी ठेवणाऱ्याला आजच्या वाशीम जिल्ह्यात ते लेखी मिळत नाही. राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने १९७६ पासून जीवमात्राबद्दल करुणा बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे, आणि २०१४ च्या नागराजा निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या कर्तव्याला वजन दिले. त्या निकालाने आपल्याकडचे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, थांबले, पुढे राज्याने कायदा बदलून ते सुरू केले आणि २०२३ साली न्यायालयाने तो बदल मान्य केला, म्हणून वऱ्हाडात तो निकाल फक्त शर्यतींपुरता आठवला जातो. करुणा हे कर्तव्य असेल, तर ते पार पाडणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची धास्ती नसावी, एवढे तरी त्यातून निघते.

केंद्र सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरात १९६० च्या कायद्यात दुरुस्ती करणाऱ्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्याचा भर दंड वाढवण्यावर आणि अधिक गुन्हे दखलपात्र करण्यावर होता. पन्नास रुपयांचा दंड बदललाच पाहिजे, पण दंड जनावर मेल्यावर वसूल होतो. तिऱ्हाइताच्या अभयाचे कलम त्याच विधेयकात घालता येईल, आणि त्याची वाट न पाहता एक काम मुंबईतल्या मंत्रालयातून होऊ शकते. चौतिसाव्या कलमाखाली राज्य सरकार ज्याला अधिकार देईल तो जनावर ताब्यात घेऊन तपासणीसाठी पशुवैद्याकडे हजर करू शकतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने गावोगाव पोलीस पाटील आहेत, पशुसंवर्धन खात्याचे पशुधन पर्यवेक्षक आहेत. या दोघांना त्या कलमाखाली अधिकार देणारी अधिसूचना निघाली, तर इंझोरीत टेम्पोजवळ जमलेल्या माणसांना मानोऱ्याहून अधिकारी येण्याची वाट पाहावी लागणार नाही. गावातला पाटील बोलावला की पुरे. यासाठी संसदेची गरज नाही, खर्चही जवळजवळ नाही, आणि फेब्रुवारीत अधिसूचना निघाली तर एप्रिलच्या उन्हाआधी ती गावोगाव पोचवता येते.